देव्हाऱ्यातला दगड: हाड की लाकूड? (सिरोंचा, कोटा, डायनासोर वगैरे)

फुटाळाकर

नमस्कार मंडळी,

नागपूरचं जुनं घर रिकामं करायला घेतलंय. आई गेल्यापासून देव्हाऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तो परवा आवरला. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोन टाक, आणि त्यांच्या मागे एक दगड. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकांना तुटलेला. हळदीकुंकवाचे थर इतके चढलेत की मूळ रंग तपकिरी की तांबूस, तेही ठरवता येत नाही. एका बाजूला लांबीच्या दिशेनं बारीक रेघा आहेत.

हा दगड मामांनी आणलेला. १९८० च्या आसपास ते सिरोंच्याकडे रस्त्याच्या कामावर होते. आई त्याला 'दादाचा देव' म्हणायची. मामा आता ८४ वर्षांचे आहेत. फोनवर विचारलं तर म्हणाले, "देव कसला? राक्षसाचं हाड आहे ते. तिकडे नाल्यात पडलेलं असायचं." म्हणजे चाळीसएक वर्षं आईनं राक्षसाच्या हाडाला नैवेद्य दाखवला.

मग थोडं शोधलं, तर 'कोटा फॉर्मेशन' हे खडकांच्या एका थराचं नाव सारखं यायला लागलं. मला आधी राजस्थानातलं कोटा वाटलं, ती जिन्याची फरशी येते ते. नंतर कळलं की हे कोटा आपल्या गडचिरोली जिल्ह्यातलं, सिरोंच्याच्या वर, प्राणहितेच्या डाव्या काठावरचं गाव. अख्खा जन्म विदर्भात गेला आणि हे कानावरून गेलं नव्हतं.

तर विचारायचं असं, की हाड की लाकूड हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि याचं पुढे करायचं काय? बायको म्हणते नदीत सोडून द्या.

नापास भूगोल

महाराष्ट्रात डायनासोर? शाळेत तर शिकवलं होतं की आपल्याकडे सगळा काळा पाषाण, म्हणजे लाव्हा. लाव्ह्यात कुठून आलं हाड?

गोटेवाला

फुटाळाकर, आधी हात जोडून विनंती. नदीत सोडू नका. घासणीनं घासू नका. लिंबू, व्हिनेगर, तेल काही लावू नका.

नापास भूगोल, तुमच्या मास्तरांचं बरंचसं बरोबर होतं. राज्याच्या मोठ्या भागावर लाव्ह्याची गोधडी पसरलेली आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. पण गोधडी पूर्वेकडे आखूड पडते. चंद्रपूर-गडचिरोलीचे पाय बाहेर राहिलेत, आणि तिथे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत. बल्लारपूरचा कोळसा ज्या गोंडवन खडकांतला, त्याच मालिकेचे वरचे, म्हणजे नंतर साचलेले थर पुढे प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात दिसतात. जमिनीची एक लांब पट्टी कोट्यवधी वर्षं हळूहळू खचत राहिली आणि नद्या त्यात वाळू-चिखल भरत राहिल्या. जितकी खचली तितका गाळ भरला. म्हणून एकावर एक असे थर नीट लागलेत. नावंही गावांची: कामठी (हो, तुमच्या नागपूरशेजारचीच), त्याच्या वर येर्रापल्ली, भीमारम, मालेरी, धर्मारम आणि त्यांच्या वर कोटा.

डायनासोरांच्या सुरुवातीच्या काळाबद्दल भारतात जे काही कळलंय, त्यातलं बहुतेक मालेरी ते कोटा या टप्प्यातून आलंय. मालेरी ट्रायासिकच्या शेवटच्या भागातला, ढोबळमानानं २२ कोटी वर्षं धरा. कोटा ज्युरासिकच्या सुरुवातीचा, १८-१९ कोटी. (यावर वाद आहे, नंतर लिहितो.) मालेरी गाव पलीकडे तेलंगणात, जुन्या आदिलाबादेत. कोटा अलीकडे.

आता तुमचा दगड. एखादं तुटलेलं टोक साध्या पाण्यानं, मऊ जुन्या टूथब्रशनं स्वच्छ करा. ओलं असतानाच उन्हात धरून भिंगातून बघा. लाकूड असेल तर आडव्या छेदावर एकात एक गोल कडी किंवा ओळीनं लावलेले सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतील. हाड असेल तर कडेला घट्ट साल आणि आत स्पंजसारखी जाळी दिसेल, जाळीची भोकं वेडीवाकडी. रेघांवरून काही ठरत नाही, दोन्हीत असतात. जीभ लावून बघा असं कुणी सांगेल. चाळीस वर्षांच्या कुंकवाला जीभ लावू नका.

सायली_के

कडेला घट्ट साल आणि आत जाळी, हे वाचून रविवारची नळी आठवली :)

फुटाळाकर, फोटो टाका ना.

फुटाळाकर

फोटो संध्याकाळी टाकतो, फोन मुलीकडे आहे. गोटेवाला, धन्यवाद. ब्रश शोधतोय.

बंडूनाना

धागा बघून राहवलं नाही. मी सिरोंचा तालुक्यात सात वर्षं शिक्षक होतो. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलायची, काही गोंडी, आणि मी चौथीच्या वर्गात मराठी कवितेच्या चाली लावायचो.

एकदा एका पोरानं चुनखडीचा एक पातळ तुकडा आणला. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. कडेनं बघितलं तर पापुद्रे मोजता येत होते, चपातीचे पदर सुटावेत तसे. आणि वरच्या पापुद्र्यावर काळ्या, चकचकीत, चौकोनी टिकल्या ओळीनं बसलेल्या. मला वाटलं, कुणीतरी मण्यांची नक्षी दाबली आहे. टिकल्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या, घरावरच्या कौलांसारख्या. नखानं टोकरलं तर नखच घासलं गेलं, टिकली ढिम्म. पोरगं म्हणालं, "चेप, सार." तेलुगूत चेप म्हणजे मासा. मी हसलो होतो. नंतर कळलं, पोराचंच बरोबर.

तालुक्यात वडधमला वनखात्यानं जीवाश्म उद्यान केलंय, दगड झालेले झाडांचे ओंडके आहेत. जायचं असेल तर पावसाळा सोडून जा. गडचिरोलीहून आलापल्लीवरून रस्ता लांबचा आहे, दिवस मोडतो.

गोटेवाला

नाना, काय आठवण दिलीत! तुमच्या त्या पोरानं कोट्याचा मूळ दाखलाच आणला होता. कोटा जगाला आधी माहीत झालं ते डायनासोरमुळे नव्हे, या माशांमुळे. कर्नल साइक्सनं १८५१ मध्ये लंडनमध्ये ते मांडले आणि एगर्टननं एकाला लेपिडोटस डेक्कनेन्सिस असं नाव दिलं, म्हणजे 'दख्खनचा'. आजच्या रोहू-कटल्याचे खवले लवचिक असतात. या जुन्या माशांचे खवले जाड हाडाचे आणि वरून दाताच्या एनॅमलसारखा चकचकीत लेप. म्हणून नखाला दाद दिली नाही. अंगावर फरशीच बसवलेली.

पापुद्रे सुटत होते, कारण ते शांत पाण्याच्या तळ्यात साचले. तळ ढवळणारं कुणी नाही, प्रवाह नाही, म्हणून एकेक पातळ थर जसाच्या तसा राहिला. कोट्याच्या खालच्या भागात मात्र नदीची वाळू आहे, आणि मोठी हाडं तिथली.

वऱ्हाडी ठेचा

हे इंग्रज दरवेळी लंडनलाच कसे न्यायचे सगळं? नागपुरात कोणी बघितलं नाही का?

गोटेवाला

बघितलं होतं की. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रचार किती झाला तो वेगळा विषय, पण माणूस दगडवेडा होता. कोटा आणि मालेरी दोन्ही त्यांनी अभ्यासलं. मालेरीत त्यांना सेराटोडस या फुप्फुसानं श्वास घेणाऱ्या माशाचे दात मिळाले, त्यातल्या एका जातीला १८५९ मध्ये ओल्डहॅमनं हिस्लॉपचंच नाव दिलं. मासा कुजून जातो, हे दात राहतात. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसतात. १८६३ मध्ये टाकळघाटकडची शिळावर्तुळं बघून परतताना हिस्लॉप नदीच्या पुरात बुडून गेले.

अश्मिका

लेट आले, पण हा धागा सोडवत नाही. एमएस्सीला असताना कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले होते, तिथल्या भूशास्त्र संग्रहालयात बारापासॉरस उभा आहे. हा कोट्याचा सगळ्यांत मोठा रहिवासी. १२ ते १४ मीटर लांब, लांब मानेचा, पालेभाजीवाला. त्याच्या पायाच्या हाडाशेजारी उभं राहिले तर माझं डोकं कुठेच्या कुठे. फोटोत मी पिशवी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासारखी दिसतेय.

सायली_के

थांबा थांबा. सांख्यिकी संस्थेत डायनासोर? सरासरी काढायला?

अश्मिका

:D हा प्रश्न सगळेच विचारतात. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस, त्यांना सगळ्यात रस. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं, १९५७ च्या सुमारास. बाईंनी तिथे तरुण मुलांची एक फळी तयार केली आणि थेट गोदावरीच्या खोऱ्यात उतरवली. जीप, तंबू, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ऊन. १९५८ ते ६१ मध्ये पोचमपल्लीजवळ (साडीचं पोचमपल्ली नव्हे, ते वेगळं) हाडं मिळत गेली. १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून बारापासॉरस टागोरी. 'बारापा' म्हणजे मोठ्या पायाचा. नाव छापून अधिकृत झालं ते १९७५ मध्ये. जैन, कुट्टी, रॉय चौधरी आणि चॅटर्जी या चौघांनी.

मालेरीच्या एका सस्तनसदृश प्राण्याचं नाव तर एक्सेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी. आपल्या पगाराच्या संस्थेचं नाव प्राण्याला! आणि कोट्यात एक उंदराएवढा आद्य सस्तन प्राणी दातावरून ओळखला, त्याचं नाव कोटाथेरियम हाल्डेनी. जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन तिथे काम करत होते ना.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. बारापासॉरसची जवळजवळ ३०० हाडं मिळाली, किमान सहा जनावरांची. कवटी एकही नाही, नुसते सुटे दात. आणि हाडांच्या मध्येमध्ये मोठमोठे दगड झालेले झाडांचे बुंधे. प्रत्येक हाड, प्रत्येक बुंधा कुठे, कोणत्या दिशेला पडलाय याचा नकाशा केला होता. त्यावरून उमजलं की हा कळप आणि ही झाडं मोठ्या पुरात सापडली आणि पाणी ओसरलं तिथे एकत्र येऊन पडली. हलकी कवटी निखळून पुढे गेली असणार. एखाद्यानं यातला एक बुंधा 'सुंदर दगड' म्हणून आधीच उचलून नेला असता, तर?

फुटाळाकर, टोमणा नाही हो. मामांनी १९८० मध्ये आणला, कुणाला काय माहीत होतं.

फुटाळाकर

नाही नाही, टोमणा घेतलाच नाही. पण पोटात गोळा आला खरा.

दख्खनी

मला हे पटत नाही. नाल्यात पडलेला दगड पुढच्या दोन पावसाळ्यांत फुटून वाळू झाला असता, किंवा रोडरोलरखाली गेला असता. मामांनी आणला म्हणून आज त्यावर धागा निघाला. उचलणारे चोर आणि न उचलणारे साव असं काही नसतं. हिस्लॉपही उचलूनच घेऊन गेले ना?

गोटेवाला

दख्खनी, अर्धं मान्य. उघड्यावर पडलेलं हाड टिकत नाही, आणि उचललं नसतं तर शास्त्रही झालं नसतं. पण उचलताना 'कुठून' हे लिहून ठेवणं आणि न ठेवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. याच खोऱ्यातली दोन उदाहरणं देतो.

मालेरीत एक सुसरीसारखा प्राणी आहे, पॅरासुकस हिस्लोपी. (परत हिस्लॉप.) सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या पार मागे डोळ्यांजवळ. लायडेकरनं १८८५ मध्ये नाव दिलं ते सुट्या तुकड्यांवरून. पुढे लक्षात आलं की त्यातला कवटीचा एक तुकडा या प्राण्याचा नव्हताच, तो ऱ्हिंकोसॉरचा होता. म्हणजे पोपटासारख्या चोचीच्या, डुकराएवढ्या शाकाहाऱ्याचा. बिचारं नाव लटकलं. शेवटी कोलकातेकरांनी जागेवरून काढलेला पूर्ण सांगाडा नवा प्रमाण नमुना (नाव ज्याला बांधलेलं असतं तो) म्हणून मंजूर करून घ्यावा लागला. आणि त्या खोदकामात काय दिसलं? दोन पॅरासुकस शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पोटाच्या जागी एका सरड्यासारख्या छोट्या प्राण्याची हाडं. मालेरीसॉरस. कुणी आधी येऊन बरं दिसणारं हाड तेवढं पिशवीत टाकलं असतं तर शेवटचं जेवण हरवलं असतं.

दुसरं अलवालकेरिया. मालेरीचा छोटा डायनासोर म्हणून १९८७ मध्ये वॉकेरिया नावानं आला. ते नाव आधीच एका सागरी जिवाला दिलेलं निघालं, म्हणून १९९४ मध्ये अलवालकेरिया झाला. बारसं दोनदा झालं, तरी पत्रिका जुळेना. आता असं मानतात की त्यात वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं एकत्र आली आहेत. मांडीचं आणि घोट्याचं हाड डायनासोरचं, जबडा दुसऱ्याच कुणाचा. एकाजवळ एक मिळाली म्हणजे एकाची, असं नसतं.

नापास भूगोल

म्हणजे पुरावा म्हणून हाडापेक्षा पंचनामा महत्त्वाचा.

गोटेवाला

हे मी वीस वर्षं पोरांना शिकवतोय आणि मला असं एका ओळीत कधी जमलं नाही. चोरतो.

वऱ्हाडी ठेचा

वयाचा वाद लिहितो म्हणाला होता गुरुजी. विसरले?

गोटेवाला

नाही विसरलो, डबा खात होतो.

थराचं वय काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यात ज्वालामुखीची राख सापडणं. राखेतल्या स्फटिकांतलं किरणोत्सर्गी घड्याळ वाचता येतं. अर्जेंटिनात इस्चिगुआलास्तो नावाचे खडक आहेत, 'चंद्राची दरी' म्हणतात त्या भागाला. जगातले सगळ्यांत जुने म्हणावेत असे डायनासोर तिथले. तिथे राखेचे थर आहेत, त्यामुळे वय पक्कं, २३ कोटींच्या आसपास. आता मालेरीतला पोपटचोच्या ऱ्हिंकोसॉर आणि तो स्टॅटिस्टिकीवाला, दोघांचेही सख्खे भाऊबंद इस्चिगुआलास्तोत आहेत. (तेव्हा भारत आणि दक्षिण अमेरिका एकाच भूखंडाचे भाग, चालत जायचं अंतर. लांबचं, पण चालत.) म्हणून मालेरीचा खालचा भागही साधारण त्याच काळातला धरतात. वय उसनं घेतलंय म्हणा.

कोट्याला असा धनको मिळत नाही. मासे म्हणतात सुरुवातीचा ज्युरासिक. वरच्या चुनखडीतले ऑस्ट्रॅकॉड, म्हणजे मोहरीएवढ्या शिंपल्यातले जीव, ते म्हणतात त्याहून अलीकडचा. बहुतेकांचा कल माशांकडे आहे. माझाही, पण वरचा आणि खालचा भाग एकाच वयाचा असलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

अश्मिका

एक भर. कोट्याचा दुसरा लांबमान्या कोटासॉरस, १९८८ मध्ये यादगिरींनी नाव दिलेला, हैदराबादच्या बिर्ला संग्रहालयात उभा आहे. तो बारा जनावरांची हाडं एकत्र जोडून केलेला सांगाडा आहे, गावजेवणासारखा. आणि मालेरी अजून संपलेली नाही. २०२५ मध्ये तिथल्या एका मांसाहारी डायनासोरला मालेरीरॅप्टर कुट्टी हे नाव मिळालं. कुट्टी म्हणजे बारापासॉरसवाल्या चौघांतलेच.

फुटाळाकर

मंडळी, अपडेट.

ब्रशनं एक टोक साफ केलं. कुंकू निघता निघेना, तीन वेळा पाणी बदललं, वाटी रंगपंचमीची झाली. मग गच्चीवर उन्हात धरलं. मुलीनं भिंग आणलं. खाली फिकट पिवळा दगड, त्यावर एकात एक तपकिरी कमानी, मोजल्या तर अकरा. कमानींच्या मधे ओळीनं बारीक ठिपके, कापडाच्या विणीसारखे. फोटो टाकलाय.

गोटेवाला

लाकूड! पोत बघता सूचिपर्णी, म्हणजे देवदार-पाइनच्या दूरच्या आजोबांपैकी. कमानी आहेत, पूर्ण कडी नाहीत, म्हणजे हा जाड खोडाचा बाहेरच्या बाजूचा ढलपा. छान टिकलाय. हाड नाही म्हणून हिरमुसू नका. बारापासॉरसनं वर मान करून ज्यांचा पाला खाल्ला असेल, त्या मंडळींपैकी आहे.

आता काय करायचं. सांगतो ते रुक्ष आहे. राखीव जंगलातला दगडसुद्धा १९२७ च्या वन कायद्यात वनोपज धरला जातो, त्यामुळे आज कुणी असा उचलू नये. तुमचा जुना आहे, घाबरू नका. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा सिरोंच्याच्या वनखात्याला पत्र लिहून विचारा. पण जागेची माहिती नसेल तर त्यांच्याकडेही तो काचेमागचा एक शोभेचा तुकडा होईल. म्हणून आधी मामा. नेमकं कुठे सापडला?

बंडूनाना

मामांना कोटा, वडधम, अंकिसा, आसरअल्ली ही नावं घेऊन विचारा. म्हाताऱ्या माणसाला गावाचं नाव कानावर पडलं की पुढचं आठवतं. मला स्वतःचा अनुभव आहे.

फुटाळाकर

नाना, तोडगा लागू पडला. आत्ताच फोन झाला. कोटा म्हटलं तर "नाही." वडधम म्हटल्याबरोबर पाच मिनिटं बोलायचे थांबले नाहीत. वडधमच्या अलीकडे नाल्यावर मोरी टाकत होते. पाया खणताना निघाला. एक नव्हे, तीन निघाले. मोठा ओंडका मजुरांनी पाण्याचे हंडे ठेवायला घेतला, दुसरा तिथेच मोरीच्या भरावात गेला आणि लहान म्हणून हा मामांच्या पिशवीत. तिन्ही एकाच दिशेला आडवे पडले होते म्हणाले, "कोणी ओळीनं निजवल्यासारखे."

अश्मिका

एकाच दिशेला!! फुटाळाकर, हे आत्ताच्या आत्ता कागदावर लिहा, तारखेसकट, मामांच्या शब्दांत.

गोटेवाला

कोणत्या दिशेला? नाल्याच्या धारेला समांतर की आडवे? आणि पायाच्या मातीचा रंग तांबडा होता की पांढरट वाळू? मोरी अजून असेल तर सापडेल.

फुटाळाकर

लिहून ठेवलंय. बाकीचं विचारायला परत फोन लावला, मामींनी उचलला. मामा झोपलेत. उद्या सकाळी चहाच्या वेळेला विचारतो.